भारहीनतेचे सोंग आणि देहाचे ऋण

दान कोणते, दक्षिणा कोणती आणि विक्रय कोणता, हा भेद आपल्या जुन्या ग्रंथकारांनी बारकाईने केला आहे. भूमी, गाय, सोने, अन्न, विद्या ह्यांपैकी काय द्यावे, कोणास द्यावे, आणि देताना मनात मोबदल्याची अपेक्षा असली तर त्या देण्याचे काय होते, ही चर्चा कीर्तनकारांच्या तोंडून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु एखाद्या धडधाकट माणसाने आपल्या देहाचे स्वास्थ्य काही आठवड्यांपुरते परक्याच्या स्वाधीन करावे, ते आपल्या डोळ्यांदेखत क्षीण होऊ द्यावे, आणि ह्या सर्वाबद्दल ठरलेले द्रव्य घेऊन घरी जावे, ह्या व्यवहाराला नाव कोणते द्यावयाचे? प्रश्न काल्पनिक नाही. जर्मनीतील कोलोन, फ्रान्समधील तुलूझ, रशियातील मॉस्को ह्या नगरांत असा व्यवहार कित्येक वर्षे होत आला आहे, आणि त्यातून निघालेल्या ज्ञानावर पुढच्या दूरच्या अंतराळयात्रांची भिस्त आहे. त्याचा थोडा विचार येथे करावा असा आमचा मानस आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अंतराळात गेलेला माणूस तरंगतो तो तेथे पृथ्वीचे आकर्षण नसते म्हणून, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ भूपृष्ठावरील ओढीच्या जवळजवळ नऊदशांश असते. परंतु ते स्थानक आणि त्यातील माणसे एकाच वेगाने अखंड पडत असतात. पडता पडता पृथ्वीला वळसा घालतात. पायाखालची फळीच आपल्याबरोबर पडत असली की ती पायाला टेका देत नाही, आणि टेका नाही म्हणजे वजन नाही. दोर तुटून पोहरा विहिरीत कोसळत असता त्यातील पाणी पोहऱ्याच्या तळावर दाब देत नाही, तसेच हे. तो पोहरा क्षणभरात पाण्याला लागतो, अंतराळयान महिनोगणती पडतच राहते, एवढाच फरक.

ह्या अखंड पडण्याचे परिणाम शरीरावर लवकर उमटतात. हाडांतील चुना कमी होतो, स्नायू रोडावतात, रक्तादी द्रव पायांकडून डोक्याकडे सरकून चेहरा सुजल्यासारखा दिसतो. हे सारे दृष्टीस पडणारे, म्हणून लवकर ध्यानात आले. रोगाशी झुंजणारी जी शक्ती देहात गुप्तपणे वावरते तिची हकीकत मात्र हळूहळू उलगडली. १९६८ साली अपोलो-७ मधील यात्रिकांना भर अंतराळात पडसे झाले. भारहीन अवस्थेत नाकातील स्राव खाली उतरत नाही. कप्तान शिरा इतके त्रासले की परतीच्या वेळी शिरस्त्राण घालण्यास त्यांनी साफ नकार दिला आणि भूमीवरील अधिकाऱ्यांशी त्यांची चांगलीच खडाजंगी उडाली. १९७० साली अपोलो-१३ मधील हेस ह्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग जडला. अपोलोच्या एकंदर २९ यात्रिकांपैकी निम्म्याहून अधिकांना प्रवासात अथवा परतल्यावर आठवड्याभरात कोणता ना कोणता संसर्ग झाला, अशी नोंद आहे. १९७१ च्या अपोलो-१४ पासून उड्डाणापूर्वी यात्रिकांना लोकांपासून दूर ठेवण्याची शिस्त लागू झाली. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकावर १८ दिवस राहून आले; त्यांनाही निघण्यापूर्वी असेच विलग राहावे लागले होते.

विलग राहिल्याने बाहेरचा शत्रू टळतो. घरात लपलेल्याचे काय? लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या म्हणजे तो विषाणू शरीर सोडून जातो असे नव्हे. तो मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर झोपून राहतो, आणि पुढे कधी प्रकृती ढासळली की नागिणीच्या रूपाने फणा काढतो. आपल्याकडे नागीण न पाहिलेले घर विरळा. ह्या कुळातील आणखीही काही विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात निद्रिस्त असतात, आणि त्यांस झोपवून ठेवण्याचे काम आपली प्रतिकारशक्ती अहोरात्र करीत असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की, अमेरिकेच्या अंतराळशटलमधून गेलेल्या ८९ यात्रिकांपैकी ४७ जणांच्या, आणि स्थानकावर दीर्घ काळ राहिलेल्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत अथवा मूत्रात हे विषाणू पुन्हा जागे झालेले सापडले. बहुतेकांना त्यापासून उपद्रव झाला नाही हे खरे. परंतु पहारेकऱ्याला डुलकी लागली होती, एवढे त्यावरून कळते. चोरी झाली नाही म्हणून पहारा चोख होता असे म्हणता येत नाही.

डुलकी का लागते, ह्याचा शोध झुरिकच्या ऑगुस्तो कोगोली ह्या शास्त्रज्ञाने आरंभिला. आपल्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. एरवी त्या स्वस्थ असतात. परक्याची चाहूल लागली की जाग्या होतात, फुगतात, आणि दुभंगून आपली संख्या वाढवितात. एका शेंगेच्या बियांतून काढलेला पदार्थ त्यांच्यावर घातला तरी त्यांना अशीच जाग येते, आणि प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात. कोगोलींनी प्रथम जमिनीवरच, पेशींना सतत फिरवीत ठेवणाऱ्या यंत्रात ही परीक्षा घेतली. फिरण्यामुळे ‘खाली’ म्हणजे कोणती बाजू हेच पेशीला उमगत नाही. तेथे जागृतीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. मग १९८३ च्या अखेरीस स्पेसलॅब-१ मधून तोच प्रयोग प्रत्यक्ष अंतराळात झाला, आणि तेथे पेशींची जागृती जमिनीवरील पेशींच्या मानाने शेकडा तीनहूनही कमी भरली. अंतराळात इतर शंभर कारणे असू शकतात, ही शंका उरली होती. १९८५ च्या उड्डाणात यानातच एक फिरते चाक बसवून काही पेशींना कृत्रिम वजन दिले. त्या जाग्या झाल्या; शेजारच्या, वजन नसलेल्या, झोपूनच राहिल्या.

ह्यावर एखादा कीर्तनकार सुंदर दृष्टांत रचील. प्रपंचाचा भार आहे तोवरच जीव जागा, असे काहीसे. आम्हांस त्या वाटेने जावयाचे नाही, कारण पेशीला प्रपंच नसतो; तिच्या आत सूक्ष्म तंतूंचा एक सांगाडा असतो, ताण आणि दाब ह्यांची वार्ता त्या सांगाड्यातून आतपर्यंत पोहोचते, आणि ती वार्ता थांबली की पुढची कामे अडतात. दृष्टांताचा मोह आवरला म्हणजे मूळ गोष्टच पुरेशी आश्चर्याची वाटते.

आता सोंगाकडे वळू. अंतराळात माणूस पाठविणे फार खर्चाचे, आणि एका खेपेत चारदोन माणसेच जाणार. तेवढ्यावरून निष्कर्ष काढावयाचा म्हणजे शितावरून सबंध गावजेवणाची परीक्षा करण्यासारखे. म्हणून जमिनीवरच भारहीनतेचे सोंग घ्यावे लागते. पृथ्वीवरून वजन नाहीसे करणारे यंत्र कोणाजवळ नाही; परंतु शरीराला भारहीनतेचा काही अंशी भास करून देणे शक्य आहे. त्याची सर्वांत रूढ रीत मोठी विलक्षण आहे. माणसाला पलंगावर निजवावयाचे, पण पलंगाची डोक्याकडची बाजू पायांपेक्षा सहा अंशांनी खाली. परतलेल्या रशियन अंतराळवीरांना सपाट पलंगावर आपण पायांच्या बाजूने घसरत आहो असे वाटे, आणि पलंगाचे पाय उचलल्यावरच त्यांना झोप लागे, अशी हकीकत ह्या शास्त्राच्या इतिहासात नमूद आहे. तेथून ही रीत निघाली. अधोमुख अवस्थेत रक्त डोक्याकडे सरकते, पायांवर भार पडत नाही, हाडे आणि स्नायू बेकार होतात. विश्वामित्राने सदेह स्वर्गी धाडलेला आणि देवांनी खाली लोटलेला त्रिशंकू डोके खाली, पाय वर असा मध्येच लटकला. ह्या पलंगावरचा माणूस स्वर्गाच्या वाटेवर नाही आणि धरतीवर उभाही नाही. त्रिशंकूची उपमा इतकी चपखल बसण्याचे प्रसंग थोडेच येतात.

कोलोन येथे २०१९ साली अमेरिकन आणि युरोपीय अंतराळसंस्थांच्या सहकार्याने असा एक प्रयोग झाला. २४ स्त्रीपुरुष, दोन तुकड्यांत; प्रत्येकाने ६० दिवस निजावयाचे. आधीचे १५ दिवस तपासण्यांचे आणि नंतरचे १४ दिवस सावरण्याचे धरून एकंदर ८९ दिवस. जेवणखाण, स्नान, शौच सारे निजूनच. निदान एक खांदा सतत गादीला टेकलेला असला पाहिजे, असा दंडक. मोबदला १६,५०० युरो. दुसरी रीत मॉस्कोच्या शास्त्रज्ञांची. कोमट पाण्याने भरलेल्या हौदावर जलाभेद्य कापड सैल पसरून त्यावर माणसाला निजवितात. कापडासकट तो गळ्यापर्यंत पाण्यात बुडतो, पण अंगाला पाण्याचा थेंब लागत नाही. सर्व बाजूंनी सारखा आधार मिळाल्याने कोठेच टेका जाणवत नाही.

ह्या दुसऱ्या रीतीने केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि आमच्या सर्व विचाराचा कणा तो आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. आठ निरोगी माणसे २१ दिवस ह्या कोरड्या हौदात राहिली. आरंभापूर्वी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी, आणि उठल्यानंतर सात दिवसांनी त्यांचे रक्त तपासले. तपासणी होती टी-पेशींची; लिंफोसाइटांतील ही एक प्रमुख जात, शत्रू ओळखून त्याच्यावर चालून जाण्याचे काम हिच्याकडे. ह्या पेशींत कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, हे पाहता असे आढळले की सात दिवसांत पुष्कळ फेरफार झाला, आणि चौदाव्या दिवशी तो सर्वांत अधिक होता. पेशी अननुभवी दिसू लागल्या; जणू ज्यांनी अजून एकही शत्रू पाहिला नाही अशा कोवळ्या शिपायांसारख्या. असा शिपाई लढाईवर धाडला तर त्याला सज्ज होण्यास वेळ लागणार. एकविसाव्या दिवशी मात्र चित्र पालटले. पेशींनी जुळवून घेतले होते आणि जनुकांची मांडणी पुष्कळशी पूर्ववत झाली होती. येथे थांबले असते तर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण माणसे उठून सात दिवस हिंडूफिरू लागल्यावर जे रक्त घेतले, त्यात ते जुने फेरफार काही अंशी पुन्हा उमटले होते. हौदात राहणे हा शरीराला एक धक्का. त्याची सवय झाल्यावर बाहेर येणे हा दुसरा.

हा सर्व खटाटोप खोट्या भारहीनतेचा, मग त्यातून खरे ज्ञान कसे निघेल, असा आक्षेप सुज्ञ वाचक घेतील. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी उभी राहतात. संकासुराचा मुखवटा खोटा असतो, पण मांडीवरचे मूल दचकून आईला बिलगते ते खरेच. पलंग खोटे बोलतो, शरीर त्यावर विश्वास ठेवते, आणि त्या विश्वासाने जे उत्तर देते ते मात्र प्रामाणिक असते. शिवाय सोंगाचा एक गुण असा की, कारणे वेगवेगळी करून पाहता येतात. अंतराळात किरणोत्सर्ग असतो, कोंडलेपण असते, झोपमोड असते, उड्डाणाची धास्ती असते. ह्यांपैकी प्रतिकारशक्ती कोणी खच्ची केली, हे तेथे सांगता येत नाही. पलंगावर किरणोत्सर्ग नाही आणि स्फोटाची भीतीही नाही. तरी सर्व दोष वजनावर ढकलून चालणार नाही: अंटार्क्टिकावर हिवाळाभर अडकून पडणाऱ्या तुकड्यांतही झोपलेले विषाणू जागे झालेले आढळले आहेत, आणि त्या माणसांच्या अंगी वजन पूर्ण होते. सोंगाची मर्यादाही विसरता कामा नये. कोगोलींच्या फिरत्या यंत्राने निम्मी घट सांगितली आणि अंतराळाने जवळजवळ संपूर्ण. नक्कल मूळ गोष्टीची दिशा दाखवते, माप दाखवीलच असे नाही.

पेशींवरचे हे प्रयोग आता पुष्कळ पुढे गेले आहेत. २०२४ साली कॅलिफोर्नियातील बक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तपेशी फिरत्या पात्रात अवघे २५ तास ठेवल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या वागण्यात झालेला बदल एकेका पेशीगणिक टिपला. क्वेर्सेटिन नावाच्या वनस्पतिज द्रव्याने त्यांपैकी पुष्कळसे बदल पात्रातच उलटविता आले. हे द्रव्य कांद्यात विपुल असते. ज्या कांद्याला देवळाच्या पाकशाळेत प्रवेश नाही त्याच्या ह्या कीर्तीने कित्येकांस गंमत वाटेल. पण पात्रातील पेशी वेगळी आणि पंगतीतला माणूस वेगळा, तेव्हा कोणी घाईने निष्कर्ष काढू नये.

पात्रातील पेशींबद्दल कोणाचे काही देणे लागत नाही. देणे लागते ते पलंगावरच्या माणसाचे. तेथून आमचा मूळ प्रश्न सुरू होतो.

शिबी राजाची कथा सर्वांस ठाऊक आहे. शरण आलेल्या कपोताच्या भारंभार आपले मांस त्याने ससाण्याला देऊ केले, तराजूत कितीही मांस घातले तरी कपोताचे पारडे जडच, तेव्हा तो स्वतःच पारड्यात बसला. ह्या कथेतील दान निर्विवाद आहे, कारण शिबीला मोबदला काही नव्हता. कोलोनच्या माणसाला १६,५०० युरो मिळाले, म्हणून त्याचे देणे हलके, असे म्हणावे काय? पुष्कळ लोक तसे म्हणतात. ‘पैसे घेऊन झोपला, त्यात काय मोठे?’ हा शेरा आम्हीही ऐकला आहे. तो उथळ आहे असे आमचे मत आहे. आपल्या परंपरेत दान आणि विक्रय ह्यांच्या मधोमध एक तिसरी गोष्ट आहे, तिचे नाव दक्षिणा. पुरोहित अनुष्ठान करतो आणि दक्षिणा स्वीकारतो. त्यामुळे त्याने पूजा विकली असे आपण मानत नाही. उलट दक्षिणेवाचून कर्म अपुरे राहते, असे मानतो. दक्षिणा ही कर्माची किंमत नसते. ज्याच्याकडून आपण काही घेतले त्याचा आपण केलेला तो मान असतो. पलंगावर निजलेल्याला दिलेले द्रव्य ह्या अर्थाने घेतले तर त्याच्या कृत्यातील दातृत्व उणावत नाही.

मात्र दक्षिणेचा हा विचार देणाऱ्याला सोयीचा आहे तसा जाचकही आहे. द्रव्य जर किंमत असते, तर ते चुकते करून हात झटकता आले असते. किंमत चुकविली की वस्तू आपली. विकणारा पुढे सुखात आहे की दुःखात, ह्याच्याशी घेणाऱ्याचा संबंध उरत नाही. दक्षिणा दिली तरी पुरोहिताविषयीचे कर्तव्य संपत नाही.

हे कर्तव्य भावनेचे नव्हे, अनुभवाने शिकलेले आहे, आणि तो अनुभव काळाकुट्ट आहे. विमाने अधिक उंच उडू लागली तेव्हा विरळ हवेत माणसाचे काय होते, हे जाणण्यासाठी १९४२ साली दाखाउच्या बंदिशाळेत कैद्यांना निर्वात कोठ्यांत कोंडून मारण्यात आले. मानवी देहाविषयीच्या ज्ञानाची तहान हाच तेथे बहाणा होता. त्या वैद्यांवर न्युरेंबर्ग येथे खटला चालला, आणि १९४७ च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी जे नियम घातले त्यांतला पहिला हाच की, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वखुशीची संमती अपरिहार्य आहे. आणि प्रयोग चालू असता त्याला तो केव्हाही थांबविता आला पाहिजे, हाही त्यांत आहे. १९६४ साली हेलसिंकी येथे जागतिक वैद्यक संघाने ह्याच तत्त्वांना आपल्या घोषणेत स्थान दिले. कोलोनच्या पलंगावरचा माणूस आज ‘पुरे’ म्हणून उठू शकतो तो ह्या नियमांच्या बळावर.

तेव्हा संमती हा सर्वाचा पाया. पण संमती म्हणजे काय? आमच्या देवळांतून महत्त्वाच्या कार्यापूर्वी देवाचा कौल घेतात. मूर्तीला पाकळ्या लावून उजवा कौल मिळाला की कार्यास हात घालावयाचा, डावा मिळाला तर थांबावयाचे. आणि यजमानाला घाई असली म्हणून कौल बदलत नाही. त्या पद्धतीविषयी कोणाचे काही मत असो, तिच्यात एक शहाणपण आहे: ज्याच्या नावाने कार्य करावयाचे त्याला विचारल्यावाचून पाऊल उचलू नये. माणसाला विचारता येते. त्याच्या रक्तातील पेशींना विचारता येत नाही. तो माणूस कागदावर सही करतो ती त्याला जेवढे सांगितले तेवढ्यापुरती. स्नायू रोडावतील, उठताना भोवळ येईल, हे त्याला सांगता आले, कारण ते ठाऊक होते. आपल्या टी-पेशी चौदाव्या दिवशी कोवळ्या होतील, एकविसाव्या दिवशी सावरतील आणि घरी गेल्यावर पुन्हा डळमळतील, हे त्या आठ जणांना कोणी सांगावयाचे? तेच शोधण्यासाठी तर ते निजले होते. अज्ञाताला दिलेली संमती ही नेहमी थोडी कोरी सही असते. म्हणूनच ती घेणाऱ्यावर अधिक बंधन येते; कोऱ्या कागदावर पुढे जे उमटेल त्याचा भार सही घेणाऱ्याने उचलला पाहिजे.

द्रव्याच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याने १६,५०० युरोंसाठी, किंवा निव्वळ जिज्ञासेने, पलंग पत्करणे वेगळे. आणि ज्याच्या घरची चूल आज पेटलेली नाही त्याने पत्करणे वेगळे. दुसऱ्याच्या संमतीत भूक मिसळलेली असते. मोबदला वाढवावा तर तो आमिष ठरतो, कमी करावा तर शोषण. ह्याला नेमके उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी आहे असे ते म्हणतात त्यांच्यावर आमचा विश्वास बसत नाही. एवढे मात्र खात्रीने सांगवते की, आमिषाचा दोष रकमेच्या आकड्यात शोधू नये. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याच्याकडून हो म्हणवून घेणे, हा तो दोष.

आणि कीर्तीचे काय? अंतराळवीर परतला की त्याच्या मिरवणुका निघतात, शाळांतून सत्कार होतात. ते योग्यच आहे. पण त्याचे औषध, त्याचा व्यायाम, त्याचा आहार ज्यांच्या शरीरावर पारखून ठरला, ते निजलेले लोक संशोधनपत्रिकेतील कोष्टकात एकेका क्रमांकाच्या रूपाने उरतात. त्यांचे नाव गुप्त ठेवणे हाही त्यांच्या हिताचाच नियम आहे. गंमत अशी की, आपल्याकडे मोबदला न घेता देणारा दाता देवळाच्या पायरीवर आपले नाव संगमरवरात कोरून घेतो, आणि कित्येकदा अक्षरे किती मोठी असावी ह्यावरून महाजनांच्या बैठकीत वाद माजतो. हा मोबदला घेऊन देणारा मात्र नावावाचून जातो. ह्या दोघांत कोणाचे दान अधिक गुप्त, हे वाचकांनीच ठरवावे.

दक्षिणेविषयी आम्ही वर जे म्हटले त्याचा खरा कस लागतो तो शेवटच्या दिवशी. कर्म केव्हा समाप्त झाले म्हणावयाचे? पलंगावरून उठला तो दिवस, की द्रव्य हाती पडले तो दिवस? कारोलिन्स्काचे रक्तपरीक्षण सांगते की शरीर ह्या दोन्ही तारखा मानीत नाही. एकविसाव्या दिवशी हिशेब जवळजवळ जुळला होता, आणि माणूस मोकळा झाल्यानंतर तो पुन्हा बिघडला. ज्या क्षणी करार पूर्ण झाला त्याच क्षणी दुसऱ्या धक्क्याला आरंभ झाला. म्हणून प्रयोग करणाऱ्यांची जबाबदारी करारातील तारखेने मोजणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ती शरीराच्या कालगणनेने मोजली पाहिजे, आणि ती कालगणना आधी कोणालाच ठाऊक नसते. कोलोनच्या प्रयोगात सावरण्यासाठी १४ दिवस राखून ठेवले होते हे चांगलेच. पण एवढे दिवस पुरतात असे ठरवून चालण्यापूर्वी रक्ताला विचारले पाहिजे. प्रयोग आखतानाच पुढील कित्येक महिन्यांची तपासणी, आणि त्यात काही उणे आढळल्यास उपचाराची हमी, ही दक्षिणेचाच भाग म्हणून लिहिली जावी. तिच्यावाचून दिलेली रक्कम, आकडा कितीही मोठा असो, निव्वळ किंमत ठरते. आणि मग तो शेरा मारणारे लोक खरे ठरतात.

ह्या ज्ञानाचे आणखी एक ऋण आहे, आणि ते फेडावयाचे तर आपल्याला कोलोनला जावयास नको. आपल्या कित्येक घरांत माजघरालगतच्या खोलीत कोणी आजी अथवा आजोबा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून आहेत. त्यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. त्यांच्या पलंगाला सहा अंशांचा उतार नाही, तरी दीर्घ काळ निजून राहिल्याने हाडे आणि स्नायू ह्यांची जी हानी होते, ती निरोगी तरुणांतही किती वेगाने होते हे ह्या प्रयोगांनी मोजून दाखविले आहे. आणि निरोगी रक्तातील पहारेकरी जेथे सात दिवसांत बिथरतात, तेथे ऐंशी वर्षांच्या देहाविषयी निष्काळजी राहणे धाडसाचे होय. ‘तुम्ही पडून राहा, उठू नका, आम्ही आहो ना’ असे आपण मायेने म्हणतो. माया खरी असते. पण ज्यांना वैद्याची मनाई नाही त्यांना दिवसातून दोन वेळा उठवून बसविणे, धरून चार पावले चालविणे, ह्याला वेळ लागतो, पाठ दुखते, आणि पडून राहा म्हणण्याला काहीच लागत नाही. मायेच्या त्या वाक्यात आपली सोय किती मिसळली आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक.

कोलोनच्या प्रयोगात निजलेल्यांपैकी काहींना रोज अर्धा तास एका फिरत्या चक्रावर निजवून, गरगर फिरवून, कृत्रिम वजन देण्यात येई. शरीराला भाराची आठवण राहावी, एवढाच हेतू. त्यासाठी केवढी यंत्रसामग्री, केवढा खर्च. माजघरालगतच्या खोलीत ते काम दोन माणसांचे चार हात आणि भिंतीशी ठेवलेली एक खुर्ची करू शकते.